भाताच्या दाण्याएवढा बोया

"बाय, तुमच्या तळ्यात जिताडा हाय, का नुसती तुमची जीभच लांब हाय?"

माझ्याच ओटीवर बसून, माझ्याच घरचा चहा बशीत ओतता ओतता जाईबाईनं मला हे विचारलं. डोंगरकोनीहून चार माणसं माझ्या सुगंधाला बघायला आली होती. मुलगा हरेश, त्याचे वडील बाळाराम, एक मामा आणि ही मुलाची आत्या. हरेशची आई तो लहान असतानाच गेलेली, म्हणून त्या घरात जाईबाईच्या मर्जीशिवाय काही हलत नसे. बाळाराम तिच्या शेजारी बसून नुसती मान डोलवत होता.

तिचा राग कुठला, ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांमागे एका हळदीत मी बोलून गेले होते, की डोंगराकडच्या लोकांना ताटात रावस वाढा नाहीतर जिताडा वाढा, काटे मोजल्याशिवाय त्यांना फरक कळत नाही. बायका पोट धरून हसल्या. त्यांच्यातल्याच कुणीतरी ते जाऊन जाईबाईच्या कानात ओतलं, आणि तिनं ते दोन वर्षं लोणच्यासारखं मुरवत ठेवलं.

"हाय," मी म्हटलं. "सात वरसांचा हाय. हाताएवढा."

"कुणाच्या हाताएवढा?"

"माझ्या. आणि कोपरापासून नाय, खांद्यापासून."

जाईबाईनं बशी खाली ठेवली. "मग असं करू. मुलगी आमाला पसंत हाय. शुक्रवारी दुपारी आमी सुपारी घेऊन येतो. त्या जिताड्याचं डोकं आमच्या दादाच्या ताटात पडलं, की सुपारी फोडायची. पेणच्या बाजारातला नको. तुमच्या तळ्यातला."

"आणि नाय पडलं तर?"

"तर दुसरं एक घर बघून ठेवलंय."

आत दाराच्या फटीतून सुगंधा माझ्याकडे बघत होती. ती हरेशला आधीच बघून बसली होती, हे मला कुणी सांगायला नको होतं. एसटीच्या डेपोत तो मेकॅनिक, आणि ही आठवड्यातून दोनदा काही कारण काढून पेणला जायची. तिचे डोळे मला सांगत होते, आये, हो म्हणू नको, काहीतरी गोड बोल, वेळ मार.

"शुक्रवारी या," मी म्हटलं. "भुकेले या."

उठता उठता जाईबाईची नजर ओटीच्या टोकाला गेली. तिथं आमचे हे बसले होते. चार माणसं आली, चहा झाला, मुलगी दाखवून झाली, तरी हे आपले बगळ्याचं एक पीस घेऊन पात्यानं त्याची दांडी तासत बसलेले.

"हे काय बोलत नाय वाटतं?" ती म्हणाली.

"ते कमी बोलतात."

"तुमी बोलू दिलंत तर ना," जाईबाई म्हणाली, आणि चप्पल पायात सरकवून निघाली.

आता जिताडा म्हणजे काय, ते सांगते. आमच्या खारेपाटात घरामागं तळं असतं. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी जिताड्याची पिल्लं आणून त्यात सोडायची आणि वर्षानुवर्षं खायला घालायचं. तो मासा आम्ही असातसा मारत नाही. घरात मोठं कार्य निघालं, मोठा पाहुणा आला, तरच. म्हणून ज्याच्या तळ्यात जुना जिताडा, त्या घराकडे बघून लोक समजतात, की ह्यांनी वाईट दिवसांतही ह्याच्यावर सुरी चालवली नाही, आणि चोरालाही हात लावू दिला नाही. माझ्या तळ्यात तसा एकच उरला होता. बाकीचे दोन आदल्या वर्षी चोरांनी जाळं ओढून नेले. तेव्हा मी संतापून ह्यांना सांगितलं होतं, बोरीबाभळीचे दोन गाड्या काटे आणून तळ्यात टाका, म्हणजे कुणाच्या बापाला जाळं ओढता येणार नाही. ह्यांनी टाकले.

तेच काटे आता माझ्याच घशात अडकले. चोराला ओढता येत नाही ते जाळं मला तरी कसं ओढता येणार?

मंगळवारी माझा दीर धर्मा आला. हा आमच्या घरातला बोलका पुरुष. खाडीत होडी घेऊन जाणारा, छाती पुढं काढून चालणारा. त्यानं पाग फेकला, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. पाग सुरेख गोल पडला आणि जागच्या जागी अडकला. सोडवायला धर्मा पाण्यात उतरला आणि मांडीत चार काटे घेऊन वर आला. पागाची चाळण झाली.

"तळं फोडू या वयनी," तो म्हणाला. "पाणी काढून टाकू."

"आणि ते जाईल कुठं? खालच्या खाचरात भात कापायला आलाय. तो तुझा हाय का?"

"नाय."

"मग दुसरं काय तरी सांग."

"मग गरी लावतो."

बुधवारी तो आपली गरी, म्हणजे गळ, घेऊन आला. खाडीच्या तोंडाशी मोठी मासळी धरायची ती गरी, माझ्या मधल्या बोटाएवढी लांब. दोरी सुतळीसारखी. आणि मासा लागला ते कळायला पाण्यावर तरंगत ठेवायचा बोया म्हणून तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. मला ते बघून बरं वाटलं. मोठ्या माशाला मोठं सामान, ह्यात न पटण्यासारखं काय होतं? जिताड्याचं तोंड उघडलं तर त्यात माझी मूठ जाईल.

धर्मानं जिवंत कोलंबी गरीला टोचली. गरीचं टोक तिच्या पाठीतून आरपार निघालं. पाण्यात सोडल्यावर ती दगडासारखी तळाला गेली.

मागून आवाज आला. "गरी मोठी हाय. कोलंबी मेली."

हे कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. हातात तेच बगळ्याचं पीस.

"तुमी गप बसा," मी म्हटलं. "धर्माला कळतं."

हे गप बसले. म्हणजे गेले.

ह्यांच्या गरीची मी लग्न झाल्यापासून टिंगल करत आले होते. हे संध्याकाळी खाडीकाठी जायचे आणि निवट्या, खरब्या असलं बोटबोटभर काहीतरी घेऊन यायचे. गरी करंगळीच्या नखाएवढी. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. बोये स्वतः करायचे, पाण्यात वाढणारं हलकं भेंड कापून, पिसाची दांडी लावून, कानस मारून. बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून त्यात ते मांडून ठेवलेले. "पुरुषाच्या हातात गरी असावी, सुई नसावी," असं मी चारचौघांत बोलायचे. हे हसायचे. मला वाटायचं, ह्यांना लागत नाही.

बुधवार गेला. गुरुवारी धर्मानं कोलंबी बदलली, बोईट मासा लावला, खेकड्याचा पाय लावला. तेलाचा डबा तळ्यावर मजेत पोहत राहिला. बांधावर गाव गोळा झालं. म्हातारे सल्ले देऊ लागले. दुपारी धर्मानं दोरी गुंडाळली.

"वयनी, तळं रिकामं हाय."

"काल संध्याकाळी कोलंब्या उडाल्या पाण्यावर. मी बघितलं."

"बेडूक असंल."

"तुझं डोकं असंल."

धर्मा जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "पेणवरून आणू. सकाळच्या पहिल्या गाडीनं जातो. तसाच हाताएवढा घेतो. डोंगरकडची माणसं. त्यांना काय कळतंय?"

त्यानं माझंच वाक्य माझ्या हातात दिलं होतं. हळदीत जे बोलून मी हशा घेतला, तेच आता खोटं करून वाढायचं. जाईबाई खाईल, तिला कळणारही नाही. आणि मला मात्र जन्मभर कळत राहील.

"नाय," मी म्हटलं. "तू घरी जा. मांडीला हळद लाव."

मी घरात आले तर सुगंधा चुलीपुढे बसली होती. चूल विझलेली.

"आये," ती म्हणाली, "तुझ्या जिभेपायी माझं लगीन मोडलं, तर मी तुझ्याशी बोलणार नाय. आज नाय, उद्या नाय, कधीच नाय."

तिला रडू आलं नाही. रडली असती तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. पण ती माझ्यासारखीच बोलली.

मागच्या पडवीत हे बसले होते. पुढ्यात पाण्यानं भरलेला हंडा. हंड्यात एक जिवंत कोलंबी, तिच्या वर पाण्यात उभा एक बोया. हे वाकून त्याच्याकडे बघत होते. मी जाऊन जवळ बसले. विचारलं काहीच नाही. सत्तावीस वर्षांत मी ह्यांना काही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. विचारायचं कसं, ते तोंडाला माहीतच नव्हतं.

हे म्हणाले, "बघ."

मी बघितलं. बोया म्हणजे पिसाची दांडी आणि तिच्या पोटाशी वाटाण्याएवढं भेंड. सगळा पाण्याखाली. वर नुसतं टोक, भाताच्या दाण्याएवढं, शेंदूर लावलेलं. आणि तो दाणा हळूच मान हलवत होता. खाली, वर. खाली, वर.

"हे काय?"

"कोलंबी पाय मारते, ते. ती जिती हाय, ते सांगतोय."

ह्यांनी बोया उचलला. खाली गरी दिसली. करंगळीच्या नखाएवढी, केसासारख्या तारेची. कोलंबीच्या डोक्यावर जो कंगव्यासारखा काटा असतो, त्याच्या बुडाशी नुसती टोचलेली. मागचा काळा ठिपका सोडून.

"त्या ठिपक्याला लागलं की मेली," हे म्हणाले. "इथं टोचली तर दिवसभर पवते. धर्माची गरी कोलंबीपरीस जड. ती तळाला जाऊन चिखलात बसली. जिताडा मेलेलं कशाला खाईल? त्याला काय कमी हाय? तू रोज घालतेस."

"आणि बोया एवढासा कशाला?"

"जिताडा चावत नाय गो. तोंड उघडून ओढून घेतो, पाण्यासकट. ओढताना वर डबा अडला, की त्याला कळतं. लगेच थुंकतो. धर्माचं आमिष त्यानं चार वेळा तरी तोंडात घेतलं असंल. तेलाचा डबा काय सांगणार?"

एवढं लांब बोलणं मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. का पहिल्यांदाच ऐकून घेत होते, देव जाणे.

"एवढ्याशा गरीनं एवढा मासा वर येईल?"

"ओढला तर नाय येणार. सरळ होईल गरी. चालवत आणला तर येईल." हे थांबले. "काठी तू धरायची."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"तो तुझ्या हातचं खातो. रोज तू कोपऱ्यावर येतेस, बसतेस, तो वर येतो. मी बसलो तर तो इचार करंल."

"बरं. आणि?"

"आणि बोलायचं नाय. बोललीस की तुझं अंग हलतं. हात उडतात. बांधाला हादरा बसतो. रोज तू गप बसून त्याला घालतेस, तशी बस."

खरंच, दिवसातून तेवढाच वेळ मी गप असायची. हे ह्यांनी कुठून बघितलं होतं?

शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही तळ्यावर गेलो. माझा कोपरा उघाडीच्या बाजूला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरतीओहोटीचं नुसतं वरचं पाणी घ्यायचं-सोडायचं ते. तिथं मी रोज पायरीच्या दगडावर बसते. ह्यांनी तळ्यावरून हात फिरवून दाखवला. दोन वावभर पाणी मोकळं होतं. काटे त्याच्या पुढं सुरू होत होते.

"इथं का नाय टाकले?" मी विचारलं. विचारलंच.

"तू पाण्यात पाय सोडून बसतेस," हे म्हणाले. "लागले असते."

मी माझ्या दगडावर जाऊन बसले.

ह्यांनी कळकाची काठी माझ्या हातात दिली. जास्तीची तंगूस वेटोळं करून पाटीत माझ्या पायाशी ठेवली. "बोया आडवा झाला तर काय करायचं नाय. चालायला लागला तर काय करायचं नाय. दिसेनासा झाला की मनात तीन मोजायचं, आणि काठी नुसती उचलायची. झटका नाय." मग हातात जाळी घेऊन हे पाण्यात उतरले, कमरेपर्यंत गेले, आणि काट्यांकडे पाठ करून खांबासारखे उभे राहिले.

लाल दाणा पाण्यावर मान हलवत होता. खाली, वर.

सूर्य वर आला. भातावरचं दव गेलं. बगळे उतरले, ह्यांच्याजवळून चालत गेले, इतके हे स्थिर. माझ्या पोटरीवर मुंगी चढली, मांडीपर्यंत गेली, परत उतरली. मी हलले नाही.

आणि मग बांधावरून बोलणं ऐकू आलं.

दुपारी येणार होती ती माणसं आठ वाजताच आली. जाईबाईनं मुद्दाम लवकर आणली, पेणची गाडी यायच्या आत, म्हणजे मला बाजारातला मासा घरात घ्यायला सवड मिळू नये. मागं बाळाराम, हरेश, मामा. वाटेत गावातली दहाबारा माणसं जोडली गेलेली. धर्माही. सुगंधा घरातून धावत आली आणि बांधावर उभी राहिली.

"हे काय चाललंय?" जाईबाईचा आवाज माझ्या मागं, दहा पावलांवर. "जिताडा धरताय का मुंग्या?"

लोक हसले. मी दाण्याकडे बघत राहिले.

"ती काडी बघ रे हरेश. ह्याच्यानं मासा यायचा म्हंजे पुढच्या नागपंचमीला यायचा." ती जवळ आली. "काय बाय, परवा तर लई बोलत होता. आज दात दुखतात का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. दात माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत, तुमचे हसताना मोजले तेव्हा एकोणीस भरले, असं. जिभेच्या शेंड्यावर होतं. मी ते गिळलं. पाण्यात समोर उभे राहून हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी एवढंच म्हणाले, बस.

"वयनी, उगा वेळ जातोय," धर्मा म्हणाला. "मी तीन दिवस बसलो. रिकामं हाय तळं."

हे दुसरं उत्तर. तेही गिळलं.

"रिकामं ना? मग सांगून टाकायचं तसं," जाईबाई म्हणाली. "दादा, चल. दुसऱ्या घराला निरोप देऊ."

सुगंधाची बांगडी वाजली. तिनं हात तोंडावर नेला असणार. मी मान वळवली नाही. कारण लाल दाणा हलायचा थांबला होता.

खाली-वर नाही. नुसता थरथरत होता, अंगात हीव भरल्यासारखा. खाली पाण्यात ती एवढीशी कोलंबी कशाला तरी भ्यायली होती, आणि वर भाताचा दाणा मला ते सांगत होता. तेलाच्या डब्यानं हे कधी सांगितलं असतं?

मग दाणा वर आला. दांडी दिसली, भेंड दिसलं, आणि बोया आडवा पाण्यावर झोपला. आडवा झाला तर काय करायचं नाय.

बरोबर त्याच घटकेला जाईबाई माझ्या कानामागं येऊन म्हणाली, हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, "असा मुका नवरा पदरात पडला, की बाईला बडबड करूनच दिवस काढावे लागतात. मला कळतं हो तुमचं दुःख."

आजवर मी ह्यांना काय काय बोलले होते, सगळं बोलले होते. पण ते मी बोलले होते. दुसऱ्या कुणी माझ्या नवऱ्याला बोलावं आणि मी दगडावर गप बसून ऐकावं, असं कधी झालं नव्हतं. काठी धरलेला हात ताठ झाला. मान वळायला लागली.

बोया चालायला लागला.

मी मान जागच्या जागी धरली. बोया आडवाच सरकत होता, सावकाश, काट्यांच्या बाजूला. मग त्याचं टोक बुडालं. मग भेंड. मग पाण्यावर काहीच नव्हतं.

एक. बडबड करूनच दिवस काढावे लागतात. दोन. सत्तावीस वर्षं. तीन.

मी काठी नुसती उचलली.

पलीकडून कुणीतरी म्हशीचं दावं ओढावं तसं झालं. पाणी फुटलं आणि जिताडा सबंध अंगानं बाहेर आला, चांदीच्या परातीसारखा, आणि पडला तेव्हा त्याचा आवाज उघाडीच्या दारावर आपटून परत आला. काठी वाकली. ह्यांनी मान हलवली आणि मी काठी सोडून तंगूस हातात घेतली.

"सोड," हे म्हणाले. "जाऊ दे त्याला."

मला ओढायचं होतं. जन्मभर मी ओढतच आले होते. पण पाटीतलं वेटोळं उलगडू दिलं. जिताडा काट्यांकडे धावला आणि तिथं हे उभे होते. ह्यांनी पाण्यावर हात मारला. तो वळला. मी हळूच दोन हात तंगूस घेतली. तो परत धावला, मी सोडली, हे आडवे आले, तो वळला. असं किती वेळा झालं, मला मोजता आलं नाही. तंगूस बोटं कापत होती. तो माझ्याकडे यायचा, मी घ्यायची. तो जायचा, मी द्यायची. कोण कुणाला चालवतंय, तेही काही वेळानं कळेना.

शेवटी तो कुशीवर झाला. पायरीच्या दगडापाशी आला, जिथं रोज खायला यायचा तिथं. ह्यांनी खालून जाळी घातली आणि उचलला. गरी जबड्याच्या कडेला लागलेली, अर्धी सरळ झालेली. आणखी एक ओढ दिली असती तर सुटली असती.

हे पाण्यातून वर आले आणि मासा माझ्या पायाशी ठेवला. मी खांद्यापासून हात लावून बघितला. तो माझ्या बोटांच्या पुढं चार बोटं होता.

ह्यांच्या धोतराला मागून रक्त लागलं होतं. दीडदोन तास काट्यांना पाठ लावून उभे होते, आणि मासा लागेपर्यंत एकदाही हलले नव्हते.

"आता बोल," हे म्हणाले.

सगळं बांधावरचं गाव माझ्याकडे बघत होतं. माझ्या पोटात सकाळपासून गिळलेली दोनतीन उत्तरं होती, एकापेक्षा एक झोंबणारी. मी उठले. गुडघे आखडले होते. जाईबाईपुढे जाऊन उभी राहिले.

"जाईबाई," मी म्हटलं, "काटे मोजून घ्या. रावस निघाला तर सुपारी परत न्या."

पहिला हसला तो बाळाराम. इतका वेळ मान डोलवणारा माणूस असा हसला, की त्याला बांधावर बसावं लागलं. मग हरेश. मग सगळे. जाईबाईनं ओठ दाबून धरले, पण तिच्या गालात हसू शिरलेलं मला दिसलं. जिभेची बाई जिभेच्या बाईला ओळखते.

दुपारी पंगत बसली. मासा मी स्वतः केला, सुगंधाला हात लावू दिला नाही. चिंच, मिरची, खोबरं, आणि वरून कच्चं तेल. आमच्याकडे डोकं अखंड वाढतात, मोठ्या पाहुण्याला. मी कोयता घेतला आणि डोक्याच्या बरोबर मधोमध घाव घातला.

एक फाक बाळारामच्या ताटात वाढली. दुसरी घेऊन ह्यांच्यापुढे गेले. हे दाराजवळ, पंगतीच्या टोकाला बसले होते, नेहमी बसायचे तिथं. मी ताट उचललं, बाळारामच्या शेजारी पाट मांडला, तिथं ठेवलं. हे उठून तिथं आले. मी फाक वाढली.

"विहीणबाई," जाईबाई म्हणाली, "डोकं अखंड वाढायची रीत हाय."

"हाय," मी म्हटलं. "कालपर्यंत होती."

बाळारामनं बहिणीकडे बघितलं नाही. त्यानं खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि जेवणाच्या आधीच फोडली. सुगंधा दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या, ह्या वेळी निराळ्या.

माणसं जेवायला लागली. कुणी बोलेना, ह्यावरून जेवण कसं झालंय ते मला कळलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन ह्यांच्यापाशी थांबले. आणि विचारलं.

"मीठ बरोबर हाय का?"

धर्माचा घास हातात राहिला. सुगंधा दाराआडून पुढं आली. माझ्या हातचं मीठ बरोबर आहे का, हे त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं आणि मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

ह्यांनी घास चावला. घाई केली नाही. बोयाकडे बघावं तसं ताटाकडे बघितलं.

"थोडं कमी हाय," हे म्हणाले.

सगळी पंगत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आत गेले आणि मीठ घेऊन आले.